योग्य प्रमाणात अंडाभात

१२ मार्च, मंगळवार

माझी बायको रुइफांग आज सकाळच्या बसने नदीपलीकडे झेनच्यांगला गेली, तिच्या थोरल्या बहिणीकडे. रागावून गेली असं कुणी म्हणेल, पण ते खरं नाही. रागावलेली बाई दारं आपटते. हिने दार इतकं हळू ओढून घेतलं की मला पत्ताच लागला नाही. नाश्त्यासाठी दोन हाका मारल्या, तेव्हा कळलं.

घडलं ते असं. शनिवारी माझ्या कार्यालयातली जुनी मंडळी जेवायला होती. मी निवृत्त होऊन वर्ष होत आलं तरी येतात बिचारे, माझा शब्द अजून मानतात. जेवण रंगलं, दारू झाली, मग मी रिवाजाप्रमाणे आत आवाज दिला, "भात येऊ दे!" आमच्या यांगचौमध्ये अंडं घालून परतलेला भात सगळ्यात शेवटी येतो. तो आला की पाहुण्यांनी ओळखायचं, पेले खाली ठेवा आणि चपला शोधा. रुइफांगने भात आणला. मी घास घेतला. आता माझी अख्खी नोकरी जिल्ह्याच्या खाद्य-गुणवत्ता कार्यालयात गेली, खानावळी तपासण्यात. समोर ताट आलं की माझी जीभ आपोआप अहवाल देते, त्याला मी काय करणार? मी म्हणालो, अंड्याच्या गुठळ्या झाल्यात, दाणा सुटा नाही, कांद्याची पात उशिरा पडली आहे आणि मीठ एका कोपऱ्यात साचलंय. माझ्या खुर्चीवर आता बसणारा मेंग, त्याने तर सवयीने खिशातलं पेन काढलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

रुइफांगने सगळं ऐकून घेतलं. मग एप्रन सोडला, माझ्या गळ्यात अडकवला आणि सर्वांदेखत म्हणाली, "लाओ-बियान, आता तूच कर. ज्या दिवशी तुला स्वतःला एकही खोट सापडणार नाही असा भात तू करशील, त्या दिवशी मला बोलाव. तोवर नको."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, बाई गमतीत बोलते आहे. दोन दिवस ती नेहमीसारखीच वागली, फक्त स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

असो. अंडाभात म्हणजे काय मोठं राज्यकारभार चालवणं नाही. दोन दिवसांत तिला परत आणतो.

१३ मार्च, बुधवार

जिल्ह्याची अंडाभाताची प्रमाण-कृती माझ्याच अध्यक्षतेखाली तयार झाली होती. तिची प्रत कपाटात आहे, लाल शिक्क्यासकट. ती ओट्यावर उघडून ठेवली आणि कामाला लागलो.

त्या समितीत दोन तट होते. एक म्हणायचा, अंडं आधी कढईत. दुसरा म्हणायचा, भात आधी. दोन्हीकडचे बल्लव इतके हट्टी की चहाच्या पेल्यांवर पेले संपले तरी कुणी मागे हटेना. शेवटी मी तोडगा काढला, "अंडं व भात एकाच वेळी." दोन्ही तटांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या कारकिर्दीतला तो मोठा दिवस.

आज एकाच वेळी घातलं. जे झालं त्याला भात म्हणवत नाही, अंडं तर नाहीच नाही. पिवळा लगदा म्हणू. पुढे वाचलं, "मीठ : योग्य प्रमाणात. आच : योग्य. परतण्याचा कालावधी : योग्य." योग्य म्हणजे किती, हे त्या वेळी कुणीतरी विचारायला हवं होतं. मी विचारू शकलो असतो, पण मी अध्यक्ष होतो.

खालच्या मजल्यावरच्या झोंग काकूंनी आमच्या जिन्यावरच्या शेजाऱ्यांच्या मोबाइल ग्रुपवर लिहिलं, "कुणाच्या घरी काही जळतंय का? की बियान साहेब स्वयंपाक करताहेत?" खाली अकरा जणांनी हसरी तोंडं टाकली. लोकांना उद्योग नाहीत.

१७ मार्च, रविवार

अंडाभाताला आदल्या दिवशीचा भात लागतो, हे मला माहीत होतं. नव्हतं असं नाही. काल संध्याकाळी भात लावला आणि विजेचा कुकर तसाच रात्रभर चालू ठेवला. वाटलं, शिळा व्हायला वेळ द्यावा लागतो, तेवढा दिला की झालं. सकाळी झाकण उघडलं तर भात गरमच, तळाशी पिवळी खरपुडी आणि गोदामातल्या ओल्या पोत्यासारखा वास. उभं आयुष्य मी शितावरून भाताची परीक्षा केली. शीत कुठून येतं ते कधी पाहिलं नव्हतं, एवढं मान्य करतो.

मीठ काही सापडेना म्हणून रुइफांगला फोन केला.

"मीठ कुठे ठेवलंयस?"

"ओट्यावर. तुझ्या डोळ्यांसमोर. निळ्या झाकणाची बरणी."

"ती साखर आहे."

"चाखून सांगतोयस, की नुसतं बघून अहवाल देतोयस?" असं म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेचना. मागे तिची बहीणही हसत होती, गाणंही लागलेलं होतं. लाइन खराब असावी, मी फोन ठेवला.

बिचारी. परक्या घरी मन रमवायचा प्रयत्न करते आहे. मन आतून खात असणार तिला.

२२ मार्च, शुक्रवार

आज एक धोरणात्मक निर्णय घेतला. खाजगी दैनंदिनी आहे म्हणून लिहितो.

परिस्थिती अशी की कढई माझं ऐकत नाही. आच मोठी केली की जळतो, लहान केली की चिकटतो. काल उलथन्याने परतताना अर्धा भात गॅसच्या मागे गेला, तो काढताना चष्माही तिकडे गेला. भुकेचे कावळे आता पोटात नाहीत, डोक्यावर बसलेत. तेव्हा मी एका बऱ्या खानावळीतून अंडाभात घरपोच मागवला. आपल्या निळ्या फुलांच्या ताटलीत काढला, वरून थोडी पात भुरभुरवली, ताटलीच्या कडेला मुद्दाम दोन शितं सांडली म्हणजे घरगुती दिसेल, आणि फोटो काढून रुइफांगला पाठवला. खाली लिहिलं, "खोट सापडली नाही."

नोकरीत असताना तपासणीच्या दिवशी शेजारच्या हॉटेलातून पदार्थ आणून आपले म्हणून मांडणारे खानावळवाले मी किती पकडले! त्यांना मी काय काय बोललो आहे! पण त्यांचा हेतू फसवणुकीचा होता, माझा संसार वाचवण्याचा आहे. यात फरक आहे.

२३ मार्च, शनिवार

रुइफांगचं उत्तर आलं. आवाजी निरोप.

"लाओ-बियान, छान दिसतोय. फक्त एवढं सांग, कोलंबी आणि हॅम कुठून आलं? मी निघाले तेव्हा फ्रिजमध्ये अंडी, पात आणि तुझं पाय चोळायचं मलम, एवढंच होतं. तू बाजारात जाऊन कोलंबी सोललीस? तू? कोलंबीचं डोकं कुठल्या बाजूला असतं ते सांग, मी आत्ता बस पकडते."

मी उत्तर शोधत होतो तोवर झोंग काकूंनी जिन्याच्या ग्रुपवर लिहिलं, "काल बियान साहेबांकडे हॉटेलचं पार्सल आलं. चला, आता जळका वास येणार नाही." त्या ग्रुपमध्ये रुइफांगही आहे. हे माझ्या लक्षात नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिवसभर पडदे लावून बसलो.

३० मार्च, शनिवार

आता कढई थोडी ऐकू लागली आहे. भात आदल्या दिवशी शिजवून, पसरून, गार करून ठेवायचा. मी तो हाताने मोकळा करतो. गुठळी बोटांना कळते, चमच्याला कळत नाही. अंडं आधी घालायचं, अर्धं घट्ट झालं की भात. म्हणजे पहिला तट बरोबर होता. हे मी बाहेर बोलणार नाही.

त्रयस्थ मत हवं म्हणून मेंगला जेवायला बोलावलं. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अप्रतिम! साहेब, अप्रतिम! दाणा न् दाणा सुटा!"

मला बरं वाटलं. मग आठवलं, माझ्या प्रत्येक भाषणानंतर तो अगदी याच आवाजात अप्रतिम म्हणायचा. तो हात धुवायला गेला तेव्हा मी त्याच्या वाडग्याजवळचा कागदी रुमाल उचलून पाहिला. खाली अर्धा भात लपवलेला होता.

निघताना जिन्यात म्हणाला, "येतो उपसंचालक साहेब." इतकी वर्षं हा मला संचालक म्हणायचा. रीतच आहे आमच्याकडे, कार्यालयात 'उप' कुणी तोंडावर उच्चारत नाही. आज त्याने 'उप' लावला.

माझ्या भाषणांचंही असंच काही झालं असेल का? रुइफांगला विचारायला हवं. ती खोटं बोलत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

आज पितरांची थडगी झाडायचा दिवस. मला खात्री होती, आज तरी ती येईल. सुनेने सासू-सासऱ्यांच्या थडग्यापाशी यायचं नाही म्हणजे काय! बसथांब्यावर तीन बस पाहिल्या. शेवटी फोन लावला.

"मी माझ्या आई-बाबांच्या थडग्यावर आले आहे," ती म्हणाली. "लग्नानंतर एकदाही आजच्या दिवशी येता आलं नव्हतं. दरवर्षी तुमच्याकडचंच असायचं. ताई आणि मी दोघी आहोत. तू जा, तिकडे गवत फार वाढलं असेल, खुरपं ने."

खुरपं नेलं. गवत खरंच फार होतं. पितरांसाठी कागदी नोटा जाळल्या, दारू शिंपडली आणि सकाळी केलेला अंडाभात आई-बाबांपुढे ठेवला. त्यांची काही तक्रार दिसली नाही. बाबा असते तर चॉपस्टिक खाली ठेवून नुसतं "मीठ" म्हणाले असते. मग आई उठायची, मीठ आणायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर गार झालेलं स्वतः जेवायची. आईने बाबांना कधी उलट उत्तर दिलं नाही. आमच्या घरची रीतच चांगली होती.

परत येताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. आईला अंडाभात आवडायचा की नाही, मला माहीतच नाही. बाबांना कसा आवडायचा ते तोंडपाठ आहे.

७ एप्रिल, रविवार

शेन्झेनहून शिनयीचा फोन आला. आमची एकुलती एक. मला वाटलं, लेक बापाची बाजू घेईल.

"बाबा, तू रोज भात करतोस म्हणे?"

"करतो. आता चांगला जमतो."

"मग आई परत कशाला हवी आहे?"

"हा काय प्रश्न झाला?"

"साधा प्रश्न आहे, बाबा. कपडे मशीन धुतं, भात तू करतोस. आई कशाला हवी?"

मी म्हणालो, घर आहे, घरात माणूस लागतं. ती म्हणाली, "असं तुझ्या अहवालात लिहितात. तिला काय सांगशील?" आणि तिला ऑफिसची मीटिंग होती म्हणून तिने फोन ठेवला.

हल्लीच्या मुलांना बोलायची पद्धत नाही. पण दुपारभर उत्तर शोधत राहिलो. घर खायला उठतं, हे खरं आहे. टीव्हीवर कुणी मूर्खासारखं बोललं की मी शेजारच्या खुर्चीकडे बघतो. काल झोंग काकूंची गंमत सांगायला तोंडही उघडलं होतं. मला ती हवी आहे. भातासाठी नको. हे असं लिहायला सोपं आहे, फोनवर कसं म्हणायचं?

१४ एप्रिल, रविवार

आजचा भात सगळ्यात चांगला झाला. रंग सोन्याचा, दाणा सुटा, पात हिरवीगार. आनंदाने घास घेतला आणि जिभेने लगेच सांगितलं, मीठ कणभर कमी. दुसऱ्या घासाला म्हणाली, तेल वर आलंय. तिसऱ्याला, अंड्याचे तुकडे एकसारखे नाहीत. मी तिला दटावलं, तरी थांबेना.

नुसतं "खोट नाही" म्हटलं की बाई परत येईल, हे मला कळतं. पण कारकिर्दीत मी एकाही ताटाला पूर्ण गुण दिले नाहीत, आणि एकदा खोटं बोलून तोंडघशी पडलोच आहे. तासभर तसाच बसलो. भात थिजला. मग फोन लावला.

"केलाय," मी म्हणालो. "पण खोट सापडतेच. मीठ कमी आहे, तेल जास्त आहे, अजूनही काही आहे. माझ्याकडून बिनखोटीचा होणार नाही, रुइफांग. मेलो तरी होणार नाही. तू तरी ये."

तिकडे लागलेलं गाणं तिने बंद केलं.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "उन्हाळी कपडे न्यायचेच आहेत."

येते म्हणाली! 'न्यायचे' वगैरे तिचं उगाच मानाचं बोलणं आहे. मी तिचे उन्हाळी कपडे बाहेर काढून, वारा देऊन, कपाटात पुढे लावून ठेवले, म्हणजे नेण्याची गरजच वाटू नये.

२० एप्रिल, शनिवार

सविस्तर लिहितो.

ती दुपारी आली. केस कापलेत, मानेपर्यंत. मी म्हणणार होतो की मागून कमी-जास्त झालेत, पण बोललो नाही. ती सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. मी आडवा झालो. "तू बस."

"कुठे?" तिने विचारलं. प्रश्न बरोबर होता. जेवताना ती नेहमी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर असायची, उठायला सोपं म्हणून. मी माझी खुर्ची ओढून दिली. ती बसली, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात बसल्यासारखी.

मी कढई तापवली. एक अंडं ओट्यावरच फुटलं. तरी केला. ताटली तिच्यापुढे ठेवली आणि उलथनं हातात घेऊन दारात उभा राहिलो.

तिने घास घेतला. चावला. दुसरा घेतला. चेहऱ्यावर काही नाही. जन्मभर मी लोकांना असं उभं करून सावकाश चावत आलो, पण दारातल्या माणसाला तेवढा वेळ किती लांब वाटतो ते आज कळलं. तिला कितीदा असं उभं केलं असेन? शेवटी मला राहवेना.

"पात जरा लवकर पडली आहे," मी म्हणालो. "आणि भात कडेला किंचित—"

"गप्प बस, लाओ-बियान. मला जेवू दे."

तिने शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. मग तोंड पुसलं आणि म्हणाली, "चांगला झालाय."

"खोट?"

"मला भूक लागली होती. कुणी गरम करून वाढलं, मी बसून खाल्लं. त्यात खोट कुठून शोधू?"

मी आत जाऊन नळ सोडला आणि स्वच्छच असलेली कढई पुन्हा घासली. डोळ्यांत कांद्याची पात गेली असावी.

बाहेर आलो तर तिने कपाटातले उन्हाळी कपडे पिशवीत भरले होते. छत्रीसुद्धा.

"हे काय?" मी म्हणालो. "तूच तर म्हणाली होतीस—"

"मी म्हणाले होते, मला बोलाव. तू बोलावलंस, मी आले, जेवले. राहीन असं कधी म्हणाले होते?" आवाजात राग अजिबात नव्हता. "ताई आणि मी तिकडे पोहायला शिकतोय. सकाळी कालव्याकाठी नाचाचा वर्ग असतो. मला तिथे बरं वाटतंय."

"मग परत कधी येशील?"

ती चपला घालता घालता थांबली. "काय रे, तुमची तपासणी आधी कळवून असायची का?"

"छे! कळवलं की लोक त्या दिवसापुरतं नाटक करतात. खरी स्थिती बघायची तर न कळवताच—" आणि बोलता बोलता ती काय विचारतेय ते मला कळलं.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पिशवी उचलून जिना उतरली. पहिल्या वळणावर झोंग काकू दार किलकिलं करून उभ्याच होत्या. रुइफांग त्यांना म्हणाली, "काकू, आमच्या साहेबांचा भात खाऊन बघा एकदा. चांगला करतात." सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

२४ एप्रिल, बुधवार

अजून आली नाही. यात आश्चर्य नाही. ज्या दिवशी तपासनीस येतील असं वाटतं त्या दिवशी न येणं, हेच चांगल्या तपासणीचं लक्षण, हे मीच नव्या लोकांना शिकवायचो. म्हणजे ती नियमाप्रमाणेच वागते आहे, आणि तिला नियम माझ्याचकडून मिळाला आहे.

तयारी मात्र रोज ठेवावी लागते. संध्याकाळी दोघांचा भात लावतो, पसरून गार करतो, झाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहतो. दार वाजलं की आमच्या जिल्ह्यातले खानावळवाले दचकून आत पळायचे. मी दाराकडे पळतो. आज झोंग काकू होत्या, रिकामं वाडगं घेऊन आल्या होत्या. थोडा दिला.

उरलेला एकट्यानेच खाल्ला. दाणा सुटा होता, मीठ बरोबर पडलं होतं, पात वेळेवर. पुन्हा पुन्हा चावून पाहिलं. चांगला झाला होता. मी ते मोठ्याने म्हणूनही पाहिलं.